वाचनालयाची देवघेव कशात लिहायची: प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

काल मीटिंगमध्ये शेवटी ठरलं, वाचनालयाची देवघेव कॉम्प्युटरवर न्यायची आणि प्रोग्राम मी लिहायचा. फुकट, हे वेगळं सांगायला नको. काउंटरवर जुना डेस्कटॉप आहे, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स नि हलका एक्सएफसीई डेस्कटॉप टाकून दिलंय म्हणून अजून हलतोय. ऑफिसच्या टेबलावर दुसरं मशीन, ते विंडोज १० चं, तिथे वर्गणीच्या पावत्या होतात. म्हणजे प्रोग्राम दोन्हीकडे चालला पाहिजे, हे पहिलंच कुसळ.

कोहा, म्हणजे लायब्ररी चालवायचं तयार सॉफ्टवेअर, का नको असं दोघांनी विचारलं. कोहा उत्तमच आहे, न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या लायब्ररीत २००० साली सुरू झालं आणि आज जगभर चालतं, पण त्याला डेटाबेस सर्व्हर, वेब सर्व्हर, मार्क ह्या ठरावीक आराखड्यातलं कॅटलॉगिंग आणि हे सगळं सांभाळणारा माणूस लागतो. आमचं ब वर्ग वाचनालय, ग्रंथपाल एक, शिपाई एक, आणि शासनाचं अनुदान कधी येतं ते सगळ्यांना माहितीय. त्यामुळे छोटंच काहीतरी, डेटा एसक्यूलाइट ह्या छोट्या डेटाबेसच्या एका फाईलमध्ये, आणि रोज संध्याकाळी ती फाईल पेनड्राइव्हवर. एवढं पक्कं.

ऑब्जेक्ट ओरिएंटेडच हवं, म्हणजे प्रत्येक गोष्टीची माहिती आणि तिचे नियम एका ऑब्जेक्टमध्ये एकत्र, आणि ह्याचं कारण फॅशन नाही. पुस्तक वेगळं आणि त्याची प्रत वेगळी, दाखल क्रमांक प्रतीला असतो, पुस्तकाला नाही. साधारण सभासद, आजीव सभासद, बाल विभाग, प्रत्येकाचे नियम वेगळे, दंड वेगळा, किती पुस्तकं एका वेळी न्यायची ते वेगळं. हे सगळं इफ-एल्समध्ये कोंबलं की वर्षभरानं मलाच वाचता येणार नाही.

९ जून

उमेदवार लिहून ठेवतो. फारो आणि स्क्वीक, म्हणजे स्मॉलटॉक ह्या जुन्या भाषेची पोरं. लॅझरस, म्हणजे फ्री पास्कल ह्या पास्कलच्या कंपायलरवरचं, प्रोग्राम लिहायचं डेल्फीसारखं एन्व्हायर्नमेंट. पायथन, खिडक्या-बटणं काढायला टीकेइंटर किंवा पायक्यूटी घेऊन. जावा.

जावाचं आजच उरकलं. ब्लूजे टाकून बघितलं, शिकवायला त्याच्यासारखं काही नाही, खालच्या पट्टीवर ऑब्जेक्ट ठेवून त्यावर राइट क्लिक करून मेथड, म्हणजे त्याला येणारं एखादं काम, चालवता येते, कॉलेजात आम्हाला हे मिळालं असतं तर टर्बो सीच्या निळ्या पडद्यासमोर वर्ष वाया गेलं नसतं. पण ते शिकण्यापुरतं, काउंटरसाठी फॉर्म काढायला नेटबीन्स लागणार आणि २ जीबीत नेटबीन्स उघडलं की बाकी काही उघडायचं नाही. बाद.

माझा कल स्मॉलटॉककडे आहे हे आत्ताच कबूल करून टाकतो म्हणजे पुढच्या नोंदी वाचताना हिशोबात धरता येईल. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क ह्या संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग ह्या मंडळींनी जे केलं त्यात खिडक्या, मेनू, ब्राउझर, डीबगर सगळं एकाच भाषेत आणि ते सगळं चालू असताना उघडून बदलता येणारं. नंतरच्या आयडीईंनी, म्हणजे कोड लिहायच्या एन्व्हायर्नमेंटनी, त्यातले तुकडे तेवढे उचलले. स्क्वीक १९९६ मध्ये ॲपलमध्ये जन्मलं, त्याचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे ते चालवणारा गाभासुद्धा स्मॉलटॉकच्याच एका छोट्या रूपात लिहून मग सीमध्ये बदललेलं. २००८ मध्ये त्यातून फारो फुटलं. ह्यातल्या कशालाही इन्स्टॉलर लागत नाही, झिप सोडवायची नि उघडायचं, जुन्या मशीनवर पण पटकन उघडतं.

१४ जून

आज सबंध दिवस फारोमध्ये. मजा आली राव.

प्लेग्राउंडमध्ये, म्हणजे कोड लिहून लगेच चालवायच्या खिडकीत, एक सभासद केला, एक प्रत केली, प्रत त्याला दिली, तारीख मुद्दाम मागची टाकली आणि प्रतीला विलंब दंड विचारला. ती मेथडच लिहिलेली नव्हती. दुसरीकडे प्रोग्राम पडला असता, इथे डीबगर उघडला की बाबा ह्या ऑब्जेक्टला हा मेसेज समजत नाही. त्यातच क्रिएट बटण. दाबलं, कुठल्या क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या कुठल्या साच्यात, विचारलं, प्रत सांगितलं, रिकामी मेथड तिथेच समोर आली, आणि बाजूला त्या प्रतीच्या खऱ्या किमती दिसतायत, देय तारीख, सभासद, सगळं. त्या बघत बघत तीन ओळी लिहिल्या, प्रोसीड म्हटलं, आणि जिथे अडलं होतं तिथूनच पुढे जाऊन उत्तर आलं, १४ रुपये. काही परत सुरू करावं लागलं नाही. कंपाइल करा, चालवा, सहा बटणं दाबून परत त्याच जागी या, हा जो आपला जन्मभराचा फेरा आहे तो इथे नाहीच.

ह्या खेळातून एक खरा डिझाइनचा प्रश्न सुटला. मी बाल सभासद आणि साधारण सभासद हे सभासद क्लासचे दोन वारस, म्हणजे त्याचे नियम घेऊन वर आपले घालणारे क्लास, धरले होते, सगळी पुस्तकं असंच उदाहरण देतात. पण पोरगं मोठं झालं की बाल विभागातून वर येतं, माणूस तोच, सभासद क्रमांक तोच, मागची देवघेव तीच. म्हणजे चालू ऑब्जेक्टचा क्लास बदलायचा? स्मॉलटॉकमध्ये बदलता येतो, पायथनमध्येही येतो, पास्कल आणि जावात नाही येत. पण येतो म्हणून करावं का? थोडा वेळ दोन्ही करून बघितलं आणि कळलं की बदलते ती सभासदाची जात नाही, बदलते ती त्याची योजना. तेव्हा सभासद एकच क्लास, त्याच्याकडे योजना नावाचा वेगळा ऑब्जेक्ट, वारसा असला तर योजनेत. दंड किती, पुस्तकं किती, दिवस किती, सगळं योजनेला विचारायचं. आता हे कुठल्याही भाषेत बसेल.

१५ जून

मराठी. जी भीती होती तेच.

एक टेस्ट फाईल केलीय, त्यात किती, कीर्ती, श्रद्धा, विज्ञान, दृष्टी, कुऱ्हाड, क्षीरसागर, ॲडव्होकेट असे शब्द. ही फाईल प्रत्येक उमेदवाराला वाचायला दिली.

फारोमध्ये आधी नुसते चौकोन. देवनागरी असलेला ट्रूटाइप फॉन्ट दिल्यावर अक्षरं आली पण एकापुढे एक मांडलेली, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जायच्या ऐवजी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, रफार नाही, जोडाक्षरं फुटलेली नि पाय मोडके. स्क्वीकमध्ये पण तीच गत. कारण सरळ आहे, कॅरॅक्टर साठवणं वेगळं आणि त्यांची जुळणी करून चित्र काढणं वेगळं. ती जुळणी हार्फबझ किंवा पँगोसारखी लायब्ररी करते, आणि स्मॉलटॉकवाले आपला मजकूर आपणच रंगवतात, एकेक अक्षर रुंदीप्रमाणे सरकवत. इंग्रजीला पुरतं.

गंमत म्हणजे हे एकदा सोडवलं गेलं होतं. एक्सओ नावाचा तो हिरवा-पांढरा मुलांचा लॅपटॉप होता ना, ४३३ मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅमचा, त्यावर स्क्वीकवरचं मुलांसाठीचं इटॉईज होतं आणि तिथे मजकुरासाठी पँगो जोडलं होतं. २००७ मध्ये हे लॅपटॉप आपल्या कर्जतजवळच्या एका शाळेतही आले होते. म्हणजे अशक्य काही नाही, पण ते माझ्याच्याने आणि ह्या कामाच्या वेळात नाही.

पायथन टीकेइंटर, हा खरा धक्का. विंडोजच्या मशीनवर सगळं बरोबर दिसलं, तोच प्रोग्राम लिनक्सवर नेला तर कीर्तीचा चुथडा. टीकेइंटरच्या आतलं टीके लिनक्सवर एक्सएफटी ह्या लायब्ररीकडून अक्षरं काढून घेतं आणि तिथे जुळणी होत नाही. ज्यानं फक्त विंडोजवर टेस्ट केलं असतं तो थेट काउंटरवर तोंडावर पडला असता. पायक्यूटीमध्ये दोन्हीकडे नीट. लॅझरसच्या फॉर्मवर दोन्हीकडे नीट, फक्त त्याच्या सोर्स एडिटरमध्ये मराठी स्ट्रिंग लिहिली की ती ठरावीक रुंदीच्या खणांत बसवली जाते आणि वाकडीतिकडी दिसते. ते मला चालेल, ग्रंथपाल मॅडमना एडिटर कुठे उघडायचाय.

तर मग उरले दोन. फारोत डिझाइन करायला कोणी अडवलेलं नाही, पण काउंटरवर ते जाणार नाही.

१९ जून

मुद्दाम प्लग काढून बघण्याचा दिवस. आमच्याकडे लाईट जायला कारण लागत नाही आणि यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, तेव्हा ही टेस्ट अभ्यासक्रमातलीच धरायची.

फारो बाद झालंय तरी उत्सुकता म्हणून त्याच्यावर पण केली. लिहिलेल्या मेथड परत मिळाल्या, कारण प्रत्येक बदल बाहेर लॉगमध्ये लिहिला जातो, उघडल्यावर तिथून परत लावता येतो. पण प्लेग्राउंडमध्ये तयार केलेले सभासद गेले, ते इमेजमध्ये होते आणि इमेज शेवटची सेव्ह केली तेव्हाची. इमेज म्हणजे सगळ्या चालू ऑब्जेक्टचा एकगठ्ठा फोटो, सेव्ह केला तेवढाच. कोणी डेटा इमेजमध्येच ठेवायचा विचार करत असेल तर आधी हे करून बघावं.

एसक्यूलाइटवाल्या दोन्ही प्रोग्राममध्ये, नोंद चालू असतानाच प्लग काढला तर अर्धी नोंद राहिली नाही, एक तर पूर्ण लागली किंवा लागलीच नाही. ट्रान्झॅक्शन व्यवस्थित घातलंय तोवर निर्धास्त.

२२ जून

ग्रंथपाल मॅडमनी आज मला कामाला लावलं. जुनी सभासद यादी त्यांनी स्वतः टाइप केलीय, काही इनस्क्रिप्ट कीबोर्डनं, काही फोनवरून. मी नुसता शोध करून दाखवत होतो, बोऱ्हाडे टाकलं तर दोनच नावं आली. मॅडम म्हणाल्या, "अहो, एका गल्लीतच पाच घरं आहेत बोऱ्हाड्यांची."

पाचही यादीत होती. स्क्रीनवर सगळी सारखीच दिसतात, आत वेगळी. काहींमध्ये ऱ हे वेगळं अक्षर आहे, इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र दाबला की येतं ते, त्याला हलंत, म्हणजे पाय मोडायची खूण, आणि मग ह. काहींमध्ये साधा र, हलंत, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे जोडणी सांगणारी खूण, मग ह. डोळ्याला एक, कॉम्प्युटरला दोन. युनिकोड म्हणजे अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, तिचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, सारखी अक्षरं एका रूपात आणणारं, लावलं तरी हे जुळत नाही, करून बघितलं. ॲ चं पण तेच, युनिकोडमध्ये ते स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधीची सवय असलेले लोक अ ला चंद्र देतात. यादीत ॲड. वाले वकील दोन ठिकाणी विभागलेले.

उपाय एकच, मजकूर आत येतानाच एका ठिकाणी शुद्ध करून घ्यायचा. इथे ऑब्जेक्टवाल्या पद्धतीचा खरा उपयोग होतो, नाव, लेखक, शीर्षक ह्यातलं काहीही नुसतं स्ट्रिंग म्हणून फिरवायचं नाही, मराठी मजकूर असा क्लास, आणि तो तयार होतानाच जॉइनरवाला र् बदलून ऱ् करणार, अ अधिक चंद्र बदलून ॲ करणार, कडेच्या स्पेस काढणार. शोधताना टाकलेला शब्दसुद्धा ह्याच दारातून आत.

त्याच क्लासमध्ये क्रम लावायची किल्ली. नुसतं कोडप्रमाणे लावलं तर ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, म्हणून काळे आधी आणि काशीकर नंतर. मॅडमच्या नोंदवहीत वर्णमालेप्रमाणे ळ हा ह च्या नंतर, आणि क्षीरसागर क मध्ये नाही तर अगदी शेवटी. ह्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ती नोंदवही मॅडमच वापरतात. तेव्हा प्रत्येक नावाबरोबर एक क्रमकिल्ली साठवायची, सेव्ह करतानाच काढून. एसक्यूलाइटला स्वतःचं कोलेशन, म्हणजे क्रम लावायचा नियम, शिकवता येतं पण मग ती फाईल दुसऱ्या कुठल्या टूलमध्ये उघडली की क्रम बिघडणार, साधा जादा कॉलम बरा.

पायथन आणि लॅझरसमधला एक फरक इथे टोचला. पुस्तक ह्या शब्दाची लांबी पायथन ६ सांगतो, लॅझरसमध्ये नेहमीचं लेंग्थ फंक्शन १८ सांगतं कारण ते यूटीएफ-८ ह्या साठवायच्या पद्धतीचे बाइट मोजतं आणि देवनागरीला दर कोडपॉइंटला, म्हणजे युनिकोडच्या एका खुणेला, ३ बाइट. यूटीएफ८लेंग्थ वापरलं की ६. वाचणाऱ्या माणसाला दिसतात तीनच अक्षरं, पु, स्त, क, आणि ते दोघंही सांगत नाहीत. पावतीवर नाव कापायची वेळ आली तर हे लक्षात ठेवायचं, नाहीतर हलंत लोंबकळतं ठेवून कापलं जाईल.

पायथनमध्ये व्हेरिएबलची नावं मराठीत देता येतात हे मात्र झकास, प्रत.परत_घे(आज) असं खरंच लिहून चालवलं. फक्त तिथे पण तोच जॉइनर आडवा येतो, फोनवरच्या कीबोर्डने ऱ्य असलेलं नाव लिहिलं तर न दिसणारं कॅरॅक्टर सापडलं म्हणून पायथन चिडतो. चिडतो ते बरं करतो खरं तर.

२८ जून

सेक्रेटरींचा मुलगा डिप्लोमाला आहे, उद्या मी नसेन तेव्हा ह्याला हात तोच लावणार. म्हणून त्याला बोलावलं, देवघेवीचा छोटा नमुना मी पायक्यूटी आणि लॅझरस दोन्हीत लिहिलाय, फारोतला तर होताच. तिन्ही उघडून दिले आणि सांगितलं, बाल विभागाचा दंड रोजचा १ रुपया आहे तो ५० पैसे कर. शिकवलं काही नाही.

पायथन त्याला येतं. कोड वाचत वाचत गेला, तीन फाईली पालथ्या घातल्या, सापडलं.

पास्कल त्यानं जन्मात बघितलेलं नाही. लॅझरसमध्ये फॉर्म दिसला, त्यावर परत घ्या हे बटण दिसलं, त्यानं सवयीनं त्यावर डबल क्लिक केलं, थेट त्या बटणाच्या कोडवर, तिथून कंट्रोल धरून पुढच्या फंक्शनवर क्लिक, योजना, दंड, झालं. "काका, बिगिन नि एंड सोडलं तर वाचता येतंय की सगळं," म्हणाला.

फारो त्याला सगळ्यात आवडलं. सभासदाला इन्स्पेक्ट करून आत बघत बसला, मग योजनेच्या आत, मग तारखेच्या आत, मग तारखेचा क्लास उघडून लीप वर्ष कसं काढतात ते वाचलं. बदल पण केला. शेवटी विचारलं, "पण ह्याची फाईल कुठाय? घरी न्यायची तर काय न्यायचं?" सगळीच इमेज, म्हटलं, किंवा गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या ठेवणाऱ्या टूलमध्ये, टाकता येतं. पटलं नाही त्याला, आणि आमच्या वाचनालयापुरतं मलाही नाही.

५ जुलै

लॅझरस. ठरलं.

भाच्याचा फोनवर अर्धा तास वाद, की पास्कल आता कोण लिहितं, पायथनवाली माणसं गल्लीत मिळतात. खरंय. पायक्यूटीसुद्धा ह्या कामाला सरस बसलं असतं, आणि काउंटरवर जरा दमदार मशीन असतं तर मी कदाचित तेच घेतलं असतं. पण इथे एक कंपाइल केलेली फाईल टाकायची नि विसरायचं, विंडोजच्या मशीनवर पायथन, त्याची पॅकेजं, त्यांच्या आवृत्त्या हे काही नाही. तोच सोर्स विंडोजवर उघडून कंपाइल केला तर तिथे चालतो. दुसरं, ही मंडळी जुनं मोडत नाहीत. टर्बो पास्कल ५.५ मध्ये १९८९ ला ऑब्जेक्ट आले, १९९५ मध्ये डेल्फी आलं, आणि डेल्फीच्या काळातला साधा युनिट, म्हणजे कोडची एक फाईल, मी गंमत म्हणून आज फ्री पास्कलमध्ये टाकला तर मोड लाइन, म्हणजे पास्कलची कुठली बोली ते सांगणारी ओळ, बदलण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. दहा वर्षं कोणी हात लावला नाही तरी चालेल अशी वस्तू हवीय, सतत अपडेट मागणारी नको.

फारोतलं डिझाइन जसंच्या तसं उतरलं. सभासद, योजना, पुस्तक, प्रत, देवघेव, मराठी मजकूर. नवा नियम आला की आधी फारोत खेळून बघणार आणि मग पास्कलमध्ये लिहिणार, हे मी चालूच ठेवणार आहे.

६ जुलै

दोन खड्डे, पुढच्याला उपयोगी पडतील म्हणून.

लिनक्सवर एसक्यूलाइटची लायब्ररी सापडत नाही म्हणून एरर. लायब्ररी असतेच, पण लॅझरस आकडा नसलेल्या नावाची फाईल शोधतो आणि डेबियन आकडा लावलेली ठेवतं. एक तर एसक्यूलाइटचं डेव्ह, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचं, पॅकेज टाका किंवा प्रोग्राममध्ये सुरुवातीलाच लायब्ररीचं पूर्ण नाव सांगा. मी दुसरं केलं, काउंटरच्या मशीनवर उगाच पॅकेजं नकोत.

दुसरं, ग्रिडमध्ये प्रत्येक नावाच्या जागी कंसात मेमो एवढंच. पुस्तकाचं नाव मेमो, लेखक मेमो, सगळं गाव मेमो. टेबलमध्ये कॉलम टेक्स्ट म्हणून ठेवला की लॅझरस त्याला मेमो, म्हणजे लांब मजकुराचं, फील्ड समजतो. ग्रिडच्या ऑप्शन्समध्ये डिस्प्ले मेमो टेक्स्ट चालू केलं की नावं दिसतात.

१३ जुलै

काउंटरवर टाकलं. मॅडमनी बाल विभागाची देवघेव दिवसभर ह्याच्यावर केली, बाजूला वही पण चालू ठेवली, संध्याकाळी दोन्ही ताडून बघितलं, जुळलं. रॅमची काही बोंब नाही, ब्राउझर उघडा असताना पण अडकत नाही.

मागण्या आल्या लगेच. अक्षर मोठं करा. परत घ्या आणि मुदत वाढवा ही बटणं शेजारी नकोत, हात चुकतो. आणि आजीव सभासदांपैकी जे वारले त्यांचं काय करायचं, त्यांची पुस्तकं घरच्यांकडून यायची आहेत. म्हणजे योजना संपली पण देवघेव उघडी. क्लासच्या आकृतीत ही शक्यता मी धरलीच होती, योजनेला शेवटची तारीख आहे, फक्त फॉर्मवर जागा नाही. ती पुढच्या आठवड्यात करतो, त्याआधी जुन्या फॉन्टमधली एक्सेल यादी युनिकोडमध्ये आणायचीय, ते वेगळंच जंगल आहे, त्याच्या नोंदी वेगळ्या ठेवेन.